टिळकांवरील १९०८ चा खटला : न्याय की नुसता निकाल?



चिटणीसांचे पत्र आले त्यात त्यांनी सुचवले होते की, मी ऊसतोडणी कामगारांच्या दरावर बोलावे. ते भाषण मी तीस वर्षे करीत आलो आहे. कारखान्याच्या फाटकावर केले, बैलगाडीच्या जुवावर उभे राहून केले, तहसील कचेरीपुढच्या लिंबाखाली केले. त्यातले आकडे तेवढे बदलतात. म्हणून मी चिटणीसांना कळवले की, यंदा मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. विषय सांगितल्यावर ते थोडे घोटाळ्यात पडले. कामगार संघटनेच्या माणसाने सॉक्रेटिसाचा आणि टिळकांचा खटला कशाला काढावा, असे त्यांना वाटले असावे. आपणांपैकी काहींनाही तसे वाटत असेल. कारण आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे. ते आधी सांगितले तर पुढचे बोलणे मला जमणार नाही.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेही पुरते नव्हे, कारण दिवाळी झाली की आईबापांबरोबर मी टोळीत जाई आणि चैत्रात परत येई. अर्धे वर्ष शाळा, अर्धे वर्ष फड. वाचायला मी शिकलो ते सार्वजनिक वाचनालयातल्या वर्तमानपत्रांवर आणि रद्दीच्या दुकानात. त्या दुकानात मला एक फाटके पुस्तक मिळाले होते, पहिली आणि शेवटची पाने नसलेले. मध्येच एक म्हातारा न्यायालयात उभा होता आणि बोलत होता. तो कोण, कोठला, त्याचे पुढे काय झाले, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्या पुस्तकातून कळले. तोवर तो आपल्या भागातलाच कोणी असावा असे मी धरून चाललो होतो. तो सारखा चांभार, सुतार, गाढवे, घोडे यांचेच दाखले देत होता. माझी समजूत चुकली यात नवल नाही.

तो सॉक्रेटिस. अथेन्स शहरातल्या पाथरवटाचा मुलगा, आई सुईण. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये, सत्तर वर्षांचा असताना, त्याच्यावर खटला झाला. आरोप असे : शहराचे देव तो मानीत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो. फिर्यादी तिघे : मेलेटस, अॅनिटस आणि लायकॉन. यांतला वजनदार माणूस अॅनिटस, तो कातड्याचा कारखानदार. न्याय करायला बसलेले पंच ५०१. त्यांतल्या सुमारे २८० जणांनी त्याला दोषी धरले, बाकीच्यांनी निर्दोष. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो, असे तो स्वतःच म्हणाल्याचे प्लेटोने लिहून ठेवले आहे. शिक्षा कोणती असावी हे आरोपीने सुचवायचे, अशी तिथली चाल होती. हा म्हणाला, मी तुमची सेवा केली आहे, मला सरकारी खर्चाने जेवण घाला. मग मित्रांच्या आग्रहाने दंडाची रक्कम सुचवली. पंचांनी मरणाची शिक्षा दिली. तुरुंगात महिनाभर होता, मित्रांनी पळवून न्यायची तयारी केली होती, पण तो गेला नाही. विषाचा पेला प्यायला.

आपल्याकडची शिकलेली माणसे ही गोष्ट सांगतात ती अशी : एक ज्ञानी पुरुष होता, अडाणी जमावाने त्याला मारला, बघा लोकशाहीचे काय होते. ही मांडणी मला कधी पटली नाही. ते ५०१ जण कोण होते? तीस वर्षांवरचे नागरिक, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, शपथ घेतलेले. दिवसाला तीन ओबोल भत्ता मिळे. साधारण मजुराच्या रोजाच्या निम्मा. म्हणजे ज्याचे पोट हातावर आहे त्यालाही एक दिवस न्यायाला बसता यावे, एवढी तजवीज त्या शहराने केली होती. बायकांना, गुलामांना आणि परक्यांना तिथे जागा नव्हती, हे मी विसरलेलो नाही. पण ज्यांना होती त्यांत कुंभार होते, चांभार होते, होडीवाले होते. फिर्यादी नावानिशी समोर उभा राही. खोटी फिर्याद करून एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत तर त्याला हजार द्राख्मा दंड होई. दोन्ही बाजूंना बोलायला सारखा वेळ, तो पाण्याच्या घड्याळाने मोजून. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आरोपी जी भाषा बोलत होता तीच ऐकणाराची भाषा होती. त्याचा टोमणा त्यांना कळत होता. कळत होता म्हणूनच बोचत होता.

त्यांच्या रागालाही कारण होते. पाच वर्षांपूर्वी, ४०४ मध्ये, अथेन्स लढाई हरले आणि तीस जणांच्या टोळीने सत्ता बळकावली. त्या टोळीने शेकडो नागरिक मारले. तिचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसाच्या बैठकीतला. शहराला दगा देणारा अल्सिबायडीस हाही त्याचाच चाहता. लोकांनी ती सत्ता उलथून टाकली, पण मागचे उकरून काढायचे नाही असा ठराव ४०३ मध्ये केला. तेव्हा मनातला राग बोलून दाखवायची सोय राहिली नाही आणि फिर्याद देवांच्या नावाने झाली. खरा आरोप एक, लेखी आरोप दुसरा. ज्यांनी कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही.

मग तो न्याय झाला का? माझे मत : नाही. आणि दाखला मी सॉक्रेटिसाच्याच भाषणातला घेतो. तो पंचांना म्हणतो, मरणाच्या खटल्याला इतर ठिकाणी बरेच दिवस देतात, तसा कायदा तुमच्याकडे असता तर मी तुमची खात्री पटवली असती. एवढ्या थोड्या वेळात इतक्या जुन्या गैरसमजाचे निराकरण होत नाही. खटला एका दिवसात उरकला होता. सकाळी आरोप, दिवस मावळायच्या आत मरण. पंचांना आपसांत बोलायचीही चाल नव्हती. ऐकले आणि मत टाकले. त्या पाथरवटाच्या मुलाला माणसे चांगली मिळाली होती, वेळ मिळाला नाही.

हे एवढे मनात ठेवा. आता मी आपणांस १९०८ सालात नेतो.

त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण आफ्रिकेतल्या ‘इंडियन ओपिनियन’ पत्रात गांधीजी सॉक्रेटिसाच्या या भाषणाचा गुजराती सारांश छापीत होते. ‘एका सत्यवीराची कथा’ असे त्याचे नाव. पुढे १९१० साली मुंबई सरकारने ‘हिंद स्वराज्य’बरोबर ही पुस्तिकाही जप्त केली. तेवीसशे वर्षांपूर्वी मेलेल्या म्हाताऱ्याची सरकारला भीती वाटावी, हे माझ्या मते त्या म्हाताऱ्याला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. असो. त्याच सुमारास पुण्यात ‘केसरी’त दोन अग्रलेख येत होते : १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’.

प्रसंग असा. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपुरास बॉम्ब पडला. नेम होता किंग्जफोर्ड नावाच्या न्यायाधीशावर. मेल्या केनेडी आडनावाच्या दोघी, मायलेकी. खुदीराम बोस पकडला गेला, प्रफुल्ल चाकीने स्वतःला गोळी घातली. सरकारने ८ जून रोजी स्फोटक पदार्थांचा आणि वर्तमानपत्रांचा असे दोन कायदे घाईने केले. टिळकांच्या लेखांचा मथितार्थ एवढाच होता की, बॉम्ब वाईटच. पण राज्यकर्त्यांनी लोकांचे ऐकायचे नाकारले म्हणून ही पाळी आली, आणि दडपशाहीने ती टळणार नाही. दोन निरपराध बायका मेल्या होत्या, गोरी वस्ती घाबरली होती. अथेन्सची भीती जशी खरी होती तशी हीही खरी होती. हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

२४ जून रोजी टिळकांना मुंबईत सरदारगृहात पकडले. कलमे १२४ अ आणि १५३ अ. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जीनांनी केला, तो न्यायमूर्ती दावर यांनी फेटाळला. योगायोग पाहा : १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर, आणि तेव्हा जामीन मिळाला होता. माणूस त्याच जागेच्या दुसऱ्या बाजूला बसला की त्याला तोच कायदा वेगळा दिसू लागतो, हा माझाही अनुभव आहे. पण दावरांवर मी फार वेळ घालवणार नाही. खरी मेख ज्युरीत आहे.

सरकारने खास ज्युरी मागितली. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी हरकत घेतली. हे काका बॅप्टिस्टा पुढे मुंबईच्या कामगार चळवळीतले मोठे पुढारी झाले. आमच्या धंद्यातले पूर्वज म्हणा. त्यांचे म्हणणे असे की, खास ज्युरीत युरोपियन अधिक येणार आणि त्यांना मराठी येणार नाही. लेख मराठी, वाचणारे मराठी, मग लेखाचा परिणाम काय झाला हे सांगणार कोण? हरकत चालली नाही. नऊ जणांची ज्युरी बसली : सात युरोपियन, दोन पारशी. १३ जुलैला खटला सुरू झाला.

आणि मग जे झाले ते मी वाचत होतो तेव्हा माझे मलाच हसू येई आणि रागही येई. टिळकांनी स्वतः बचावाचे भाषण केले. सर्व मिळून एकवीस तासांहून अधिक, सहा दिवसांत विभागून. सॉक्रेटिसाला न मिळालेला वेळ टिळकांना मिळाला. पण त्यातला कितीतरी वेळ कशात गेला? मराठी शब्दांत. कोर्टाच्या भाषांतरकाराने केलेले इंग्रजी भाषांतर पुढे ठेवून टिळक त्याची उलटतपासणी करतात, या शब्दाचा अर्थ हा नव्हे, या वाक्याचा झोक तो नव्हे, हा शब्द मराठीत इतका कडक नाही, असे समजावून सांगतात. ज्याच्या एकेका अग्रलेखाने आख्खा महाराष्ट्र हलत होता, तो माणूस नऊ शेटजींना बालबोधी शिकवीत उभा आहे! सरकारी वकील ब्रॅन्सन यांनी या लांबणीची थट्टा केली. थट्टा करायला सोपे होते. भाषांतराचा कागद त्यांच्या हातात होता आणि मूळ कागद वाचायची कोणाला गरज नव्हती.

भाषांतराने काय होते हे ज्याला सोसावे लागले त्यालाच कळते. मी एक साधा प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातली एक टोळी सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला गेली होती. मजुरीवरून तंटा झाला, टोळीने काम थांबवले. मुकादमाच्या कागदात लिहिलेले होते की, आपण चाळीस कोयते घेऊन आलो आहोत. आपणांस ठाऊक आहे, आपल्याकडे कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर, माणसाची मोजदादच कोयत्यावर. तिथल्या कोणा कारकुनाने कानडी केले, आणि कागदावर चाळीस हत्यारे घेऊन आलेला जमाव उभा राहिला. मी तिथे पोचलो तो ऐंशी माणसे उन्हात बसवलेली, त्यांत दोन पोटुशा बायका. मला कानडी येत नाही, अधिकाऱ्याला मराठी येईना. शेवटी फडावरचा एक चहावाला दोन्ही भाषा जाणणारा निघाला. त्याने दोन वाक्यांत समजावले, अधिकारी हसला, माणसे सुटली. अधिकारी वाईट नव्हता. पण तो चहावाला त्या दिवशी गावाला गेला असता तर?

आणि हे परप्रांताचेच दुखणे आहे असे समजू नका. आपला बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू. माझे आजोबा सांगत की जमिनीच्या वादात त्यांना एक कागद मिळाला. तो घेऊन ते चार दिवस गावोगाव हिंडले, वाचणारा भेटला तोवर मुदत गेली होती. कैफियत, फिर्याद, वकालतनामा, मुद्देमाल हे शब्द आज आपले झाले आहेत. पण ते आपल्या तोंडी बसेपर्यंत किती जमिनी गेल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. याच अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, स्वामी रामानंद तीर्थांनी शाळा चालवली. ते आधी मुंबईचे कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करीत होते. कामगार संघटनेतून उठून माणूस खेड्यातल्या मुलांना मातृभाषेत शिकवायला का येतो, हे आजोबांच्या त्या कागदाची आठवण झाली की मला समजते.

खटल्याकडे वळतो. २२ जुलैला रात्री ज्युरी विचाराला उठली आणि दीड तासाच्या आत परतली. सात विरुद्ध दोन, दोषी. सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. १८९७ च्या खटल्यातही असेच झाले होते : सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले. दोनदा माणसे बदलली, रेघ तिथेच पडली. शिक्षेआधी टिळकांना काही सांगायचे आहे का असे विचारले. ते जे थोडके बोलले ते आज मुंबई उच्च न्यायालयात दगडावर कोरलेले आहे. १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी ती शिळा बसवली. ज्युरीने काहीही म्हटले तरी आपण निर्दोष आहोत, आणि जगाचा कारभार चालवणारी याहून वरची शक्ती आहे, असा त्याचा भाव. दावरांनी कडक शब्दांत सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला. दुसरा दिवस टिळकांच्या बावन्नाव्या वाढदिवसाचा. त्याच रात्री त्यांना खास गाडीने अहमदाबादकडे हलवले. तिथून पुढे मंडाले. तिथेच त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले; तिथेच असताना १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई गेल्या. सुटका १९१४ च्या जूनमध्ये.

कायद्याप्रमाणे ते दोषी होते काय? हा प्रश्न टाळू नये. १२४ अ हे कलमच असे होते की, १८९७ साली न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितले, अप्रीती म्हणजे प्रीती नसणे. सरकारवर प्रेम नसणे हा गुन्हा धरला तर महाराष्ट्रात निर्दोष कोण होता? तेव्हा कायद्याच्या चौकटीत बसवून शिक्षा देता आली, हे खरे. छगलांनी ती शिळा बसवताना याच अर्थाचे सांगितले : तांत्रिक न्याय झाला असेल, खऱ्याखुऱ्या न्यायाला नकार मिळाला. हे कलम स्वातंत्र्यानंतरही राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात ते थांबवून ठेवले, आणि १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली. नव्या संहितेत १५२ हे कलम आले आहे. त्याच्या शब्दांवर वकील मंडळी बोलतील, तो माझा प्रांत नव्हे.

मी मात्र कलमाच्याही अलीकडे अडतो. जो लेख मी वाचू शकत नाही, त्याने वाचणाराच्या मनात काय पेरले हे मी शपथेवर कसे सांगू? त्या सात जणांपाशी प्रामाणिक उत्तर एकच होते : आम्हांला ठाऊक नाही. ठाऊक नाही तर आरोपी सुटला पाहिजे. त्या दोन पारश्यांनाही मराठी लेखणीची खाचखोच कितपत कळत होती याची मला शंका आहे. पण आपल्याला नक्की कळलेले नाही, एवढे तरी त्यांना कळले. त्यांची नावे आपण शाळेत शिकवत नाही.

आता आमच्या लोकांविषयी. टिळकांना शिक्षा झाल्याबरोबर २३ जुलैपासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. सहा वर्षांना सहा दिवस. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. लेनिनने त्याची दखल घेतली. त्या वेळी धड संघटना नव्हती. नारायण मेघाजी लोखंड्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती, गिरणी कामगार युनियन निघायला वीस वर्षे अवकाश होता. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे, एका खोलीत दहा-बारा राहणारी. त्यांतल्या फारच थोड्यांना ‘केसरी’ वाचता येत असेल. दुसऱ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, अशी रीत.

टिळक काही आमचे नव्हते. मी फडावरचा पोर आहे, मला हे बोलायचा अधिकार आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी विरोध केला. अथणीच्या भाषणात शेतकऱ्याने, तेल्यातांबोळ्याने कायदे कौन्सिलात जाऊन काय करायचे, अशा अर्थाचे ते बोलले. ते मला आवडत नाही आणि आवडते असे मी दाखवणार नाही. तरीही त्या कामगारांनी सहा दिवसांची मजुरी सोडली. आपल्याच मताचा माणूस असेल तर त्याच्यासाठी ओरडायचे, एरवी गप्प बसायचे, हा हिशेब त्यांनी केला नाही.

पण इथे एक अडचण आहे आणि ती मला अनेक रात्री सतावून गेली. लाखभर माणसे रस्त्यावर आली म्हणून निकाल चुकीचा, असे मी म्हटले, तर अथेन्सच्या २८० जणांना चूक कोणत्या तोंडाने म्हणू? तेही लोकच होते, माझ्यासारखेच होते. ख्रिस्तपूर्व ४०६ मध्ये याच लोकांनी आरमारी लढाई जिंकून आलेल्या सेनापतींना, वादळात बुडालेली आपली माणसे वाचवली नाहीत म्हणून, एकगठ्ठा मरणाची शिक्षा दिली. प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा, असे कायदा सांगत होता. त्या दिवशी सभेच्या चालकांत सॉक्रेटिस होता आणि तो एकटा शेवटपर्यंत नाही म्हणाला. लोक ओरडत होते, त्यालाही पकडा. पुढे तीस जणांच्या टोळीने त्याला एका निरपराध माणसाला धरून आणायला पाठवले, तर तो सरळ घरी निघून गेला. जमावाचा असो की जुलमी राजवटीचा, हुकूम चुकीचा असेल तर याचे उत्तर एकच.

आता मी म्हटले होते ते कारण सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघटनेत एक गृहस्थ होते, माझ्याहून वयाने मोठे, पावतीपुस्तके त्यांच्याकडे. मी त्यांना अण्णा म्हणत असे. त्या साली दरासाठी ‘कोयता बंद’ पुकारला होता, आणि अशी कुजबूज उठली की अण्णांनी एका मुकादमाकडून उचल घेतली. म्हणून त्यांच्या बाजूची चार गावे बंदात ढिली पडली. रात्री मारुतीच्या सभामंडपात बैठक भरली. दोन-अडीचशे माणसे. अध्यक्षस्थानी मी. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, मला आठ दिवस द्या, मी मुकादमाची वही आणून दाखवतो. कोणीतरी ओरडले, परवा ट्रका भरणार आहेत, आठ दिवसांनी इथे ऐकायला राहणार कोण? हेही खरे होते. मी अण्णांना विचारले, उचल घेतली की नाही, एवढेच सांगा. ते म्हणाले, घेतली, पण. मी पुढचे बोलू दिले नाही. हात वर करायला सांगितले. हात वर झाले. मी मोजलेही नाहीत, इतके होते.

फाल्गुनात दुसऱ्याच एका तंट्यात त्या मुकादमाची वही बाहेर आली. अण्णांनी उचल घेतली होती ती धाकट्या मुलाच्या आणि सुनेच्या कोयत्यावर, कोणताही तोडणी मजूर घेतो तशी; तारीख बंदाच्या दोन महिने आधीची. उचल या शब्दाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, त्या मंडपातल्या प्रत्येकाला दोन्ही ठाऊक होते. कोणाला भाषांतरकार लागत नव्हता. भाषा आमची, माणसे आमची, न्यायासन आमचे. आणि आम्ही ते एका घटकेत उरकले.

आम्ही पुन्हा बैठक घेतली, ठराव मागे घेतला, मी सर्वांसमोर माफी मागितली. पावतीपुस्तके त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, वरची धूळ झटकली आणि पुन्हा टेबलावर ठेवली. संघटना त्यांनी सोडली नाही. आजही बैठकीला येतात, मागे खांबाला टेकून बसतात, वर्गणी देतात. मतदानाच्या वेळी हात तेवढा वर करीत नाहीत, इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही. मी अध्यक्षस्थानावरून मोजू लागलो की माझी नजर त्या खांबाकडे जाते, आणि कधीकधी मला पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागते.

यंदाचे फड आता संपत आले आहेत. टोळ्या परतत आहेत, आणि त्यांचे राहिलेले हिशेब घेऊन उद्या सकाळी मला माजलगावला जायचे आहे.